परदेशी भाषांतली जुनी पोस्टकार्डं विकायची आहेत, वर्णनात काय लिहू? (तातडीची मदत हवी)

गावभाग_सांगली
नमस्कार मंडळी. आमच्या काकांचा पोस्टकार्डांचा संग्रह आहे. काका गेल्यावर काकूंनी तो विकायचं काम माझ्याकडे दिलं. बहुतेक कार्डं परदेशी आहेत आणि घरात त्या भाषा कुणालाच येत नाहीत. मी फोटो काढून काही कार्डं ऑनलाइन टाकली. वर्णनात लिहिलं, "जुनं परदेशी पोस्टकार्ड, दुर्मिळ, चांगल्या स्थितीत". कुणी विचारतही नाही. एकाने फक्त मेसेज केला की कुठलं, कधीचं, मागची बाजू दाखवा. मोबाइलवर भाषांतर करून बघितलं तर काहीच्या काही येतंय. सांगली-मिरजेत परवडेल अशा दरात भाषांतर करून देणारं कुणी आहे का? रविवारच्या आत सगळी टाकायची आहेत. प्लीज लवकर सांगा.

भिंग_सातारा
कुठल्या भाषा? कार्डं टपालातून गेलेली आहेत की कोरी? कोणत्या साइटवर विकताय? आणि मागच्या बाजूचे फोटो कुठे आहेत? तुम्ही नुसतं चित्र टाकलंय. संग्राहक आधी कार्ड उलटं करून बघतो.

वाईकर
एवढा त्रास कशाला घेताय? सगळी एका गठ्ठ्यात बांधा आणि पुण्याच्या जुन्या बाजारात घेऊन जा. बुधवारी आणि रविवारी भरतो. मी वडिलांची नाणी तशीच दिली, एका सकाळी काम संपलं. एकेक कार्ड लिहीत बसलात तर वर्ष जाईल.

भिंग_सातारा
वाईकर, गठ्ठ्यात सगळ्या कार्डांना एकच भाव मिळतो. त्यात एखादं चांगलं कार्ड असेल तर ते दहा-वीस रुपयांत जातं. आधी काय आहे ते तरी बघू द्या.

गावभाग_सांगली
भाषा माहीत असत्या तर धागा काढला नसता ओ. मागचे फोटो आता टाकलेत. एक जर्मन वाटतंय. दोन-तीनांवर रशियनसारखी अक्षरं आहेत. काही जपानी किंवा चिनी. काही इंग्रजीही आहेत, ती मला कळतात म्हणून ती सोडून देतो. साइट ईबे. जर्मन कार्डावर कुणीतरी पुढे चित्रावरच पेनने गिचमिड केली आहे, ती खोडरबराने पुसू का? आणि एक जण म्हणाला की तिकिटं पाण्यात भिजवून काढा, वेगळी विकली तर जास्त पैसे येतात. खरं आहे का?

टपालकाका
पुसू नका, भिजवू नका, काहीही करू नका! तिकीट, शिक्का आणि कार्ड एकत्र असतात तेव्हाच ती टपालाची पूर्ण वस्तू असते. तिकीट काढलं की शिक्क्याचा अर्धा भाग त्याच्याबरोबर जातो आणि हातात फाटका कागद उरतो. टपाल खात्यात माझी हयात गेली, म्हणून कळकळीने सांगतो. आपल्याकडे पोस्टकार्ड १८७९ च्या जुलैत आलं, किंमत पाव आणा. त्याच्या दहा वर्षं आधी ऑस्ट्रिया-हंगेरीने जगातलं पहिलं पोस्टकार्ड काढलं. त्या पाव आण्याच्या कार्डांपैकी काही काकांकडे होती का? राणीचं चित्र छापलेली?

गावभाग_सांगली
भारतीय कार्डं काकू विकणार नाहीत. परदेशीचंच सांगा.

जर्मन_शिकवते
मी विश्रामबागला जर्मनच्या शिकवण्या घेते. तुमचं कार्ड पाहिलं. वर छापलंय "ग्रुस आउस ब्रेसलाउ", म्हणजे ब्रेसलाउहून नमस्कार. हाताने लिहिलेला मजकूर कुरेंट लिपीत आहे. ती जुनी जर्मन लेखणीची वळणं आजच्या जर्मन माणसालाही सहज वाचता येत नाहीत, त्यामुळे मोबाइलचं भाषांतर भरकटणारच. ट्रान्सक्रिबस नावाचं एक साधन जुनी हस्ताक्षरं वाचतं, ते वापरा. मजकूर वाचल्याशिवाय कार्ड विकू नका असं माझं ठाम मत आहे.

भिंग_सातारा
इथे मी सहमत नाही. शंभरातल्या नव्वद कार्डांवर "आम्ही सुखरूप पोचलो, हवा छान आहे" एवढंच असतं. घेणारा गाव, साल, छपाई, प्रकाशक आणि शिक्का बघून पैसे देतो. हे पाचही भाषा न येता लिहिता येतं.

हेच कार्ड बघा. मागे मधली उभी रेघ नाही. तेव्हा मागची पूर्ण बाजू फक्त पत्त्यासाठी असायची, म्हणून पाठवणाऱ्याने चित्राच्या कडेला लिहिलं. तुम्ही गिचमिड म्हणता ते हेच, आणि त्यावरूनच कार्डाचं वय कळतं. मागच्या बाजूचे दोन भाग करायला ब्रिटनने १९०२ मध्ये परवानगी दिली, जर्मनीने १९०५ मध्ये, अमेरिकेने १ मार्च १९०७ पासून. म्हणजे तुमचं जर्मन कार्ड साधारण १९०५ च्या आधीचं.

टपालकाका
मी त्याहून जवळ येतो. तिकीट हिरवं, पाच फेनिगचं, मुकुट घातलेली जर्मानिया, म्हणजे स्त्रीरूपातली जर्मनी. खाली "राइक्सपोस्ट" लिहिलंय. हे तिकीट १९०० मध्ये आलं आणि १९०२ मध्ये त्यावरची अक्षरं बदलून "डॉइचेस राइख" झाली. शिक्क्यातला सालाचा शेवटचा आकडा पुसट आहे, पण त्याआधीचं शून्य स्पष्ट आहे. तेव्हा १९०० ते १९०२ असं लिहा. शिक्क्यात ५-६ च्या पुढे "एन" हे अक्षर आहे ते दुपारनंतरच्या वेळेचं, सकाळ असेल तर व्ही असतं. तो एन गावाच्या नावाचा भाग समजू नका.

आणि गावाचं नाव लिहिताना दोन्ही नावं द्या. ब्रेसलाउ १९४५ पर्यंत जर्मनीत होतं, आज ते पोलंडमधलं व्रॉत्सवाफ आहे. जर्मन संग्राहक जुन्या नावाने शोधणार, पोलिश नव्या.

जर्मन_शिकवते
तिकिटाचं मला माहीत नव्हतं, छान. पण भिंग, एक सांगा. पहिल्या महायुद्धातलं कार्ड असेल आणि त्यावर "फेल्डपोस्ट" असेल तर? तिथे सैनिकाने काय लिहिलं, तो कुठल्या तुकडीत होता, यावर किंमत ठरते. तिथे मजकूर नको कसं म्हणता येईल?

भिंग_सातारा
सैनिकी टपाल वेगळं, तिथे तुमचं म्हणणं मान्य. तरी तुकडीचं नाव बहुतेकदा शिक्क्यात असतं, त्याला कुरेंट लागत नाही. मजकूर नीट वाचता आला नाही तर अर्धवट भाषांतर देऊ नये. "मागे हस्तलिखित मजकूर, जर्मन, न वाचलेला" एवढं लिहावं आणि स्पष्ट स्कॅन द्यावा. चुकीचं भाषांतर दिलं आणि घेणाऱ्याने त्यावर विसंबून घेतलं तर कार्ड परत येतं.

कायदा_आधी
सगळे वर्णनात अडकलेत, कायदा कुणी बघितला का? पुरावस्तू व कलासंपदा अधिनियम, १९७२. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखितं, नोंदी, दस्तऐवज पुरावस्तूत येऊ शकतात. परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवायची नाहीत. १९०१ चं कार्ड परदेशी ग्राहकाला पाठवताना अडचण येऊ शकते.

वाईकर
म्हणूनच म्हणतो, पुण्यात विका.

भिंग_सातारा
व्याख्या पूर्ण वाचा. दस्तऐवजाला वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मूल्य असावं लागतं. जर्मनीत लाखांनी छापलेलं प्रवासी कार्ड त्यात येतं का?

कायदा_आधी
ते तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयाला लिहून विचारावं, त्यांच्याकडून पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र मिळतं. देशातल्या देशात विकताना हा निर्यातीचा प्रश्न येत नाही.

औंधचा_माणूस
माझं वेगळंच म्हणणं आहे. विकूच नका. औंधला श्रीभवानी संग्रहालय आहे, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी केवढ्या प्रेमाने उभं केलं! असे संग्रह अशा ठिकाणी एकत्र राहावेत. ईबेवर गेले की जगभर विखुरतात आणि काकांनी आयुष्यभर जमवलेलं पुन्हा कधी एकत्र दिसत नाही.

गावभाग_सांगली
दादा, तुमची भावना पोचली. पण काकूंच्या औषधांचा खर्च यातून काढायचा आहे. दान करू का हे मी विचारलं नव्हतं. जपानीचं कुणी सांगेल का?

निहोंगो
जपानीच आहेत, चिनी नाहीत. मागे वर छापलेली अक्षरं बघा, ती "युबिन हागाकि" म्हणजे टपालकार्ड. युद्धाआधीच्या कार्डांवर ती उजवीकडून डावीकडे छापलेली असतात. त्यातल्या "गा"वर दोन छोट्या रेघा आहेत का ते भिंगातून पाहा. १९३३ पर्यंत त्या नसायच्या, "हाकाकि" असंच छापायचे. आता मधली रेघ. ती एक तृतीयांशावर असेल तर १९०७ ते १९१८, बरोबर अर्ध्यावर असेल तर १९१८ नंतरचं. फोटोतल्या दोन कार्डांवर रेघ एक तृतीयांशावर दिसते.

शिक्क्यात साल सम्राटाच्या कारकिर्दीचं असतं. तैशो असेल तर आकड्यात १९११ मिळवा, शोवा असेल तर १९२५. तैशो ५ म्हणजे १९१६.

गावभाग_सांगली
ही माहिती पहिल्या उत्तरात मिळाली असती तर मी चार कार्डं टाकून झालो असतो. धन्यवाद. रशियनचं?

भिंग_सातारा
शब्दांच्या शेवटी इंग्रजी लहान बी सारखं, पण डोक्यावर डावीकडे शेंडी असलेलं अक्षर जागोजागी दिसतंय का? दिसत असेल तर बहुधा १९१८ च्या आधीची छपाई. त्या वर्षीच्या लेखनसुधारणेत शब्दाच्या शेवटचं ते अक्षर गेलं. देश सोडून गेलेल्या रशियनांनी बाहेर जुनं लेखन चालू ठेवलं, म्हणून शिक्काही बघा. छापलेले शब्द वर्णनात रशियन अक्षरांतच जसेच्या तसे उतरवा. रशियन संग्राहक तसेच शोधतो.

आता मला उत्तर द्या. "चांगल्या स्थितीत" म्हणजे नेमकं काय? फोटोत कडेला तपकिरी ठिपके दिसतात.

गावभाग_सांगली
२०१९ च्या पुरात गावभागात पाणी होतं तेव्हा ट्रंक माळ्यावर होती. भिजली नाही, पण घर खूप दिवस ओलं होतं. ठिपके तेव्हापासून असतील. तेवढ्यासाठी किंमत कमी करायची का?

भिंग_सातारा
लपवायचं मात्र नाही. "कडेला दमटपणाचे तपकिरी ठिपके, उजवा खालचा कोपरा किंचित मुडपलेला, घडी नाही, अल्बमच्या खाचांच्या खुणा" असं दिसेल ते लिहा. घेणारा ठिपके सहन करतो, न सांगितलेले ठिपके करत नाही. "दुर्मिळ" हा शब्द काढून टाका. ईबेच्या शीर्षकात ८० अक्षरं मिळतात, त्यातली एवढी त्या शब्दावर का घालवायची? तिथे गाव, देश, साल, प्रकार. जर्मन कार्डाच्या शीर्षकात एके लिहा, फ्रेंच असेल तर सीपीए. चित्रकार्डाची ही तिकडची रुळलेली संक्षिप्त रूपं आहेत, शोधताना तीच टाकतात.

आणि फोटो की छपाई ते दहापट भिंगाने तपासा. एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली तर छपाई. ठिपके अजिबात नसतील, राखाडी छटा सलग असतील, तर खरा फोटो असण्याची शक्यता. त्याला पैसे जास्त.

टपालकाका
तुम्ही इंग्रजी कार्डं सोडून देतो म्हणालात, पण शेवटच्या फोटोत एक अर्धं दिसतंय त्यावर पत्ता मिरजेचा आहे का? कुठून आलंय?

गावभाग_सांगली
हो, अमेरिकेतून. काका मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमध्ये नोकरीला होते, तिथल्या कुणाच्या तरी जुन्या कागदांतून मिळालं असेल. पुढे फोटो आहे, एका चर्चचा. इंग्रजीच आहे म्हणून किरकोळमध्ये टाकणार होतो.

टपालकाका
अहो, ते किरकोळ नाही! डॉ. वॅन्लेस यांनी उभारलेल्या त्या हॉस्पिटलमुळे मिरजेला परदेशी टपाल येत होतं. त्यावर मिरजेचा पोचशिक्का असेल तर भारतीय टपालखुणांचे संग्राहक चित्र न बघता घेतील. मागे तिकिटाच्या चौकोनात काय छापलंय?

गावभाग_सांगली
ए झेड ओ. चार कोपऱ्यांत छोटे त्रिकोण, सगळ्यांची टोकं वर. मिरजेचा शिक्का आहे, तारीख पुसट.

भिंग_सातारा
मग तो खरा फोटो. ए झेड ओ म्हणजे अझो हा फोटो छापायचा कागद, चारही त्रिकोण वर असलेला साधारण १९०४ ते १९१८ चा मानतात. मागे रेघ असेल तर १९०७ नंतरचा. हे कार्ड शेवटी टाका, दोन्ही बाजू ३०० डीपीआयने स्कॅन करून. आणि आधी देशातल्या संग्राहकांना दाखवा.

कायदा_आधी
हे तर नक्कीच देशातच विका. इथल्या इतिहासाशी थेट संबंध आहे.

औंधचा_माणूस
किमान या एका कार्डाची स्कॅन प्रत मिरजेतल्या एखाद्या ग्रंथालयाला द्या. विकण्याच्या आड येत नाही.

गावभाग_सांगली
प्रत देतो, काकूंना विचारलं, त्या हो म्हणाल्या. आता जर्मन कार्डाचं बघा, इंग्रजीत असंच लिहिणार आहे:

शीर्षक: एके ग्रुस आउस ब्रेसलाउ, व्रॉत्सवाफ पोलंड, १९००-०२, वापरलेलं
वर्णन: मागची बाजू अविभाजित. पाच फेनिग हिरवी जर्मानिया, राइक्सपोस्ट. शिक्का ब्रेसलाउ, सालाचा शेवटचा आकडा पुसट. पुढे जर्मन हस्तलिखित मजकूर, वाचलेला नाही. कडेला तपकिरी ठिपके, घडी नाही. सुंदर रंगीत फोटो.

भिंग_सातारा
शेवटचं वाक्य सोडून सगळं ठीक. तो रंगीत फोटो नाही, दगडी छापाचं चित्र दिसतंय. भिंगाखाली ठिपके अनियमित, वेगवेगळ्या आकाराचे असतील तर "लिथो" लिहा आणि ते शीर्षकातही घाला, जागा आहे.

जर्मन_शिकवते
आणि "वाचलेला नाही" काढा. शनिवारी कार्ड घेऊन विश्रामबागला या, ओळख करून घेऊ. मी वाचायचा प्रयत्न करते, पैसे नकोत. वाचता आलं तरच लिहू.

गावभाग_सांगली
ठिपके अनियमित आहेत. लिथो केलं. ताई, शनिवारी दुपारी येतो. रशियनचे मागचे फोटो आत्ता अपलोड होतायत, कुणी जाऊ नका.