गूढ शब्दकोडं: उत्तर येतं, पण का येतं ते कळत नाही

झिरोमाईल (नागपूर)

आमच्या वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज सकाळी एक गूढ शब्दकोडं येतं. नऊ बाय नऊची चौकट, इंग्रजी क्रिप्टिकच्या धर्तीवर, पण अख्खं मराठीत. साधं समानार्थी शब्दांचं कोडं चहा संपेपर्यंत होतं. हे मात्र अडून बसतं. कालची चार शोधसूत्रं देतो:

१. काळ्याच्या आत आणि बाहेर फिरणारा पक्षी (३)
२. व्रत आत ठेवून पाळा भिजण्याचे चार महिने (४)
३. नवरा बिथरला, झाडावरचा प्राणी झाला (३)
४. थोडं उलटून फिकट हिरवं झालं हिवाळ्यातलं नागपूर (४)

पहिल्याचं उत्तर 'कावळा' हे उभ्या शब्दांमुळे कळलं, पण कसं ते नाही. तिसरं 'वानर' वाटतं, पण नवरामधली अक्षरं न-व-रा आणि वानरची वा-न-र, मग काना हलवायचा का? दुसरं आणि चौथं कोरं आहे. शब्दकोश घेऊन बसलो तरी उपयोग होत नाही. रोज सोडवणारे सुरुवात कुठून करतात?

आडवंउभं

भाऊ, शब्दकोश आधी मिटवा. तो शेवटी लागतो, उत्तर पडताळायला.

प्रत्येक सूत्रात दोनच गोष्टी असतात: उत्तराचा सरळ अर्थ आणि उत्तर घडवायची कृती. तिसरं काही नसतं, फार तर मधे 'झालं', 'म्हणजे' असा सांधा. अर्थ कायम एका टोकाला असतो, सुरुवातीला किंवा शेवटी. मधे कधीच नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे वाक्य म्हणून वाचणं सोडायचं. वाक्य जो देखावा उभा करतं तो तुम्हाला फसवायलाच आहे. शेवटचे एक-दोन शब्द झाकून बघा, मग सुरुवातीचे झाका, आणि उरलेल्यात कृती सापडते का ते पाहा.

तुमचं पहिलं सूत्र आपण 'आत आणि बाहेर' असं एका दमात वाचतो, आणि फसतो. तुकडा 'आणि'नंतर पाडा. 'काळ्याच्या आत आणि', म्हणजे 'काळा'च्या आत 'आणि' या अर्थाचा 'व': का-व-ळा. उरला अर्थ, 'बाहेर फिरणारा पक्षी'. फार सफाईदार सूत्र आहे हे, कोडेकाराला दाद द्या.

इथेच मराठीतली एक अडचण कळते. कच्चा माल, म्हणजे ज्या शब्दांतून उत्तर घडवायचं ते, बरेचदा सामान्यरूपात येतो: 'काळ्याच्या', 'सापामागोमाग', 'गरिबाला'. विभक्ती सोलून मूळ शब्द काढल्याशिवाय जोडणी दिसत नाही. 'सापामागोमाग नदीचं पाणी चढलं ते शहर (४)' यात आधी साप, मग नदीचं चढलेलं पाणी. नाग + पूर. किंवा 'गरिबाला उलटं केलं की कन्हान, पेंच वगैरे (२)'. गरीब म्हणजे दीन, उलटं केलं की नदी.

दुसरं सूत्र: 'व्रत' म्हणजे वसा, तो 'पाळा' या शब्दाच्या आत ठेवायचा. पा-वसा-ळा. इथे 'पाळा'चा समानार्थी शोधायचा नाही, शब्द जसाच्या तसा वापरलाय. सूत्रातला एक शब्द बदलायचा आणि दुसरा तसाच ठेवायचा, ही यांची आवडती खोडी.

चौथं: 'थोडं' म्हणजे जरा, उलटून राज. 'फिकट हिरवं' म्हणजे धानी. राजधानी.

कृती ओळखायच्या खुणा आठवडाभर वहीत टिपून ठेवा, त्याच त्या फिरून येतात. बिथरला, झिंगला, मोडका, विस्कटलेला, नव्याने: अक्षरांची अदलाबदल. मागे वळून, परतला: उलट वाचन. उभ्या शब्दात हीच खूण 'वर चढला' अशी येते, आडव्यात ती चालत नाही. पोटात, गिळून, मध्ये: एकात दुसरा. डोकं उडवलं, तोंड फोडलं: पहिलं अक्षर गेलं. बिनशेपटीचा: शेवटचं गेलं. म्हणे, ऐकलं, कानावर: उच्चारावर खेळ. 'म्हणे' दिसला की सावध व्हा, मराठीत तो इतका सहज येतो की नजर त्याच्यावरून घसरते.

लपलेला शब्द सर्वांत सोपा, पण सर्वांत उशिरा दिसतो. 'एक मलमपट्टी सोडली तर आत फूल (३)'. एक-मलमपट्टी सलग लिहा: ए, क, म, ल, म... कमल. सूत्रातले शब्द जागा न सोडता कागदावर लिहायचे, मोबाईलवर नुसतं बघून हे होत नाही.

काळाचौकोन

वानरबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून. मराठी गूढ कोड्यांत दोन पद्धती चालतात आणि कोडेकाराने वर लिहायला हवं की आपली कोणती. एकीत अक्षर काना-मात्रेसकट हलतं: 'मोडलेल्या कलमातून फूल (३)', कलमचं कमल, कुठलाही काना न हलवता. दुसरीत व्यंजनं वेगळी आणि स्वरचिन्हं वेगळी, त्यामुळे नवराचा काना उचलून 'वा'ला लावता येतो. तुमचं वानर दुसऱ्या पद्धतीचं आहे, आणि सूचना नसेल तर सूत्र अन्यायाचं आहे.

फरक किती पडतो बघा. पहिल्या पद्धतीत तीन अक्षरांचे ६ क्रम होतात, चारांचे २४, पाचांचे १२०. दुसरीत नवरासारख्या तीन अक्षरी शब्दालाही ६ क्रम गुणिले कान्याच्या ३ जागा, म्हणजे १८. पाच अक्षरी शब्दाला दोन-तीन वेगवेगळ्या मात्रा असतील तर हाताने संपणार नाही. तिथे फोडाफोड करायची नाही, आधी अर्थाच्या टोकावरून अंदाज बांधायचा आणि मग अक्षरं जुळतात का ते तपासायचं.

अदलाबदलीची अक्षरं एका ओळीत लिहू नका, गोल लिहा. ओळीत मूळ शब्दच डोळ्यांपुढे राहतो.

कंसातला आकडा अक्षरांचा असतो. जोडाक्षर एका घरात: घड्याळ (३), सीताबर्डी (४). अनुस्वार आणि रफार वेगळं घर घेत नाहीत.

आणि आडवंउभं, 'राजधानी'वर माझा आक्षेप आहे. नागपूर हे उदाहरण झालं, अर्थ नाही. निदान 'म्हणा' किंवा 'वगैरे' हवं, तुमच्या कन्हान-पेंचला आहे तसं. शिवाय हिवाळी अधिवेशन इथे होतं म्हणून ती उपराजधानी. राजधानी म्हणायचं तर १९५६च्या आधीचं नागपूर घ्या, तेव्हा ती मध्य प्रदेशची होती.

आडवंउभं

उदाहरणाचा मुद्दा मान्य. 'हिवाळ्यातलं' या शब्दावर मी तरी सूट देईन, तेवढी गंमत चालते. पण मग 'भिजण्याचे चार महिने' हे अनेकवचन आणि पावसाळा एकवचन, ते कसं चाललं तुम्हाला? 'भिजायचा मोसम' केलं की लिंग-वचन दोन्ही बसतं.

सोडवणाऱ्याने ही गोष्ट उलट बाजूने वापरावी. मराठीत विशेषणं-क्रियापदं लिंग सांगून टाकतात. 'दडलेलं' असेल तर उत्तर बहुधा नपुंसकलिंगी, 'भाजलेली' असेल तर स्त्रीलिंगी. इंग्रजीत ही मदत मिळत नाही.

झिरोमाईल

पावसाळा बघून कपाळावर हात मारला. धन्यवाद दोघांनाही. आज हे आलंय: 'कोळशाचा रंग वऱ्हाडात ऐकला की अख्खं शरीर (२)'. मी 'काळा' भरलं, तर उभा शब्द अडला. तिथे दुसऱ्या घरात 'या' येतंय.

आणि एकेका अक्षराच्या तुकड्यांसाठी काही यादी असते का? इंग्रजीत दिशांची, रोमन आकड्यांची अक्षरं वापरतात, तसं.

संत्राबर्फी

'या' बरोबर आहे. वऱ्हाडीत ळचा य होतो, डोळाचा डोया, तसा काळाचा काया. आणि काया म्हणजे शरीर. अर्थ शेवटच्या टोकाला होता, तुम्ही कच्चा मालच उत्तर म्हणून भरला. नवख्यांकडून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मराठी लिहितो तशी वाचली जाते म्हणून उच्चारावरची सूत्रं कमी असतात. उरतात ती ऱ्हस्व-दीर्घाची, दिन आणि दीन सारखी, किंवा अशी बोलीतली. पुण्याच्या गटावर हे सूत्र टाकलं तर आरडाओरडा होईल.

एकाक्षरी माल मराठीत भरपूर आहे, फक्त वेगळ्या जागी:

आज्ञा: जा, ये, खा, गा, दे, घे, ने, हो.
सूर: सा रे ग म प ध नी. 'षड्ज' म्हटलं की सा, 'पंचम' म्हटलं की प, नुसतं 'सूर' म्हटलं तर सातांपैकी कुठलाही.
सर्वनामं: मी, तू, तो, ती, हा, ही.
बाकी: व (आणि), न (नाही), अ (नकार), सु (चांगलं), कु (वाईट), भू (जमीन), ख (आकाश), श्री (लक्ष्मी), क (पहिलं व्यंजन).

शेवटच्यावरून एक: 'जबरदस्त! पोटात पहिलं व्यंजन गेलं आणि झाली ज्वारीची (३)'. भारीच्या पोटात क, भाकरी. 'व्यंजन' वाचून तुम्ही चटणी-भाजीकडे जाणार हे कोडेकाराला माहीत असतं.

अगदी छोटी सूत्रं, तीन-चार शब्दांची आणि खूण न सापडणारी, ती बहुतेक दुहेरी अर्थाची असतात. 'हात सरकारला भरावा लागतो (२)', कर. तिथे कृती शोधत बसू नका, दोन्ही टोकं अर्थच आहेत.

काळाचौकोन

क्रमाबद्दल कोणी लिहिलं नाही. १ आडव्यापासून ओळीने जाऊ नका. सगळी सूत्रं एकदा भराभर वाचा, लपलेले आणि दुहेरी अर्थाचे उचला. मग लांब शब्द, कारण त्यांना छेद, म्हणजे आडव्या-उभ्या शब्दांची सामाईक घरं, जास्त मिळतात.

देवनागरीत एका छेदाची किंमत फार आहे. इंग्रजी घरात २६ शक्यता, इथे तीसेक व्यंजनं गुणिले बाराखडी, साडेतीनशेच्या वर. म्हणजे मात्रेसकट एक अक्षर पक्कं झालं की उमेदवार शब्द हाताच्या बोटांवर येतात. म्हणूनच चुकीचं भरलेलं एक घर दोन-तीन शब्द बुडवतं. कृती पूर्ण उलगडली नसेल तर अक्षर पेन्सिलीने, फिकट. आणि नवीन शब्दाच्या पहिल्या घरात ळ किंवा ण येत असेल तर आधीचा छेद तपासा, मराठीत या अक्षरांनी शब्द जवळपास सुरू होत नाहीत.

अडलात तर बाजूला ठेवून दुपारी पुन्हा बघा, फक्त त्या वेळी अर्थाचं टोक बदलून. सकाळी शेवट अर्थ मानला असेल तर आता सुरुवात माना. नुसतं थांबून उपयोग नाही, तोच तुकडा पुन्हा डोक्यात बसतो.

संत्राबर्फी

झिरोमाईल, सरावाला तीन घ्या:

बारमध्ये जा, बुधवारी भरतो तो (३)
रथ, जत्रा, तमाशा: सुरुवातीलाच चांदी (३)
राजवाड्याचं तोंड फोडलं, उरली दुर्दशा (२)

उत्तरं उलटी लिहिते, चुकून नजर जाऊ नये म्हणून: रजाबा, तजर, लहा. तिसऱ्यातला राजवाडा म्हणजे आपला महालच.