डाएट कोल्यामुळे वजन उतरायचं थांबतं का?

मोगरा

आहार मोजूनमापून चालू आहे, दिवसाला साधारण १५०० कॅलरी. साखरेची शीतपेयं पूर्ण बंद केली आणि त्यांच्या जागी दुपारी चारच्या सुमारास ३०० मिलीचा डाएट कोला. कामाचा ताण असला की संध्याकाळी आणखी एक. सुरुवातीला वजन छान उतरलं, आता काही आठवडे काटा जागचा हलत नाही. मधुमेह नाही, थायरॉइड नॉर्मल.

घरी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तीन गोष्टी ऐकायला मिळतात. जिभेला गोड लागलं की इन्सुलिन वाढतं आणि चरबी जळायची थांबते. जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२३ मध्ये वजन कमी करायला हे वापरू नका म्हणून सांगितलंय. आणि याने भूक खवळते. यातलं कितपत खरं? सोडायचा ठरवला तर त्याच्या जागी काय प्यावं? पाणी प्यावं हे कळतं, पण त्या वेळी गार, फेसाळ आणि जिभेला चरचरणारं काहीतरी हवं असतं.

आहारवही

आधी हिशेब मांडू. ३०० मिली साध्या कोल्यात ३२ ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे जवळजवळ १३० कॅलरी. डाएट कोल्याच्या अख्ख्या कॅनमध्ये एक-दोन कॅलरी. तुम्ही रोजचा साधा कोला सोडून हा घेतलात, म्हणजे महिन्याला ३९०० कॅलरी वाचल्या. एक किलो चरबीमागे ७७०० धरतात, तेव्हा हा झाला अर्धा किलो. पण ही बचत एकदाच मिळते. आता तुमचं शरीर त्या नव्या हिशेबाला स्थिरावलं आहे. शिवाय वजन उतरलं की शरीराची रोजची गरजही थोडी उतरते, म्हणून सुरुवातीला ज्या १५०० कॅलरींवर वजन उतरत होतं त्याच १५०० वर पुढे ते थांबू शकतं.

माझ्या मते कारण कॅनमध्ये नसून कॅनच्या शेजारी आहे. चार वाजता नुसता कोला क्वचितच घेतला जातो. एक वडापाव २८० ते ३०० कॅलरी. ५० ग्रॅम फरसाण, म्हणजे मूठ-दीड मूठ, २७० च्या आसपास. "पेय तर डाएटचं आहे" असं मनाशी म्हणून घेतलेली एक जास्तीची मूठ दोन दिवसांची बचत खाऊन टाकते. नोंदवहीत कोला लिहिला जातो, मूठ लिहायची राहते.

दुसरी जागा चहा. साखरेचा चमचा एकदा वजनकाट्यावर ठेवून बघाच. सपाट चमचा ४ ते ५ ग्रॅम भरतो, शीग लावलेला ७ ते ८. नोंद "दोन चमचे" अशीच होते. दिवसात तीन कप आणि प्रत्येकात दोन शिगेचे चमचे म्हणजे ४५ ग्रॅम साखर, १८० कॅलरी. सोडलेल्या कोल्यापेक्षा ही जास्त! म्हशीचं दूध असेल तर ५० मिलीमागे आणखी ५० कॅलरी. तिसरी जागा फोडणी. एक टेबलस्पून तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि घरातली पळी बहुतेक वेळा त्याहून मोठी असते. तेल पळीने ओतण्याआधी एकदा मापात ओतून बघा.

खात्री करायची तर अशी करा. दोन आठवडे काहीही न बदलता रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापिण्याआधी वजन घ्या आणि आठवड्याची सरासरी काढा. कंबर बेंबीच्या पातळीवर मोजा. मग चार आठवडे कोला बंद, बाकी जेवण तसंच. चार वाजताचं खाणं मात्र तोंडात टाकायच्या आधी लिहायचं. सरासरी हलली तर त्या चार वाजताच्या नोंदी आधीच्या दोन आठवड्यांच्या नोंदींशी ताडून बघा, फरक कशाने पडला ते तिथेच दिसेल. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. आदल्या रात्री खारट खाल्लं किंवा पाळीचे दिवस असले की एक-दीड किलो पाणी सहज वाढतं.

निशिगंध

आहारवहींशी सहमत. वैद्यकीय बाजू माझ्याकडून.

इन्सुलिनबद्दल: अ‍ॅस्पार्टेम हा साखरेऐवजी गोडवा आणणारा पदार्थ घातलेलं पेय नुसतं प्यायल्यावर रक्तातली साखर किंवा इन्सुलिन लक्षणीय वाढत नाही, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. सुक्रालोज या तशाच दुसऱ्या पदार्थाबाबत निष्कर्ष संमिश्र आहेत, विशेषतः ते कर्बोदकांबरोबर घेतलं तर. पण "गोड चव, म्हणून चरबी जळणं बंद" हे विधान टिकत नाही. चरबी उतरते ती दिवसभराच्या, आठवड्याभराच्या तुटीवर.

जागतिक आरोग्य संघटनेची मे २०२३ ची शिफारस खरी आहे, पण अर्धीच फिरते. ती सशर्त शिफारस आहे आणि आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही. त्यामागच्या आढाव्यात दोन प्रकारचे पुरावे होते. लोकांना गट पाडून दिलेल्या, कमी मुदतीच्या चाचण्यांमध्ये गोडवा आणणारे पदार्थ घेणाऱ्यांचं वजन सरासरी ०.७ किलोने कमी निघालं. वर्षानुवर्षं नुसतं निरीक्षण केलेल्या अभ्यासांत मात्र उलटं दिसलं: ते घेणाऱ्यांत लठ्ठपणा, टाइप २ मधुमेह आणि हृदयविकार जास्त. अडचण अशी की ज्यांचं वजन आधीच वाढतंय तेच लोक डाएट पेयांकडे वळतात, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे अशा अभ्यासांतून नीट सुटं करता येत नाही. म्हणूनच शिफारस सशर्त ठेवली. तिचा मथितार्थ इतकाच की दीर्घकाळासाठी यावर विसंबू नका, एकूण गोडाचीच सवय कमी करा. ते मला पटतं.

पाण्याशी थेट तुलना केलेल्या चाचण्याही आहेत. अमेरिकेत २०१२ साली ३१८ जणांवर झालेल्या सहा महिन्यांच्या चाचणीत पाणी आणि डाएट पेय या दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. २०१६ साली छापून आलेल्या वर्षभराच्या चाचणीत डाएट पेयवाल्यांचं ६.२ किलो उतरलं, पाणीवाल्यांचं २.५, तिला पैसा अमेरिकन बेव्हरेज असोसिएशनचा होता, हे लक्षात ठेवूनच ती वाचावी. इराणमध्ये २०१५ साली स्त्रियांवर झालेल्या २४ आठवड्यांच्या चाचणीत दुपारच्या जेवणानंतर पाणी घेणारा गट पुढे होता: ८.८ विरुद्ध ७.६ किलो. दोन्ही बाजूंना बोट दाखवायला अभ्यास सापडतो. पण कुठल्याही चाचणीत आहार आवरलेला असताना डाएट पेयाने वजन *वाढवलं* असं दिसलेलं नाही.

कॅन्सरची भीती हमखास पुढे येते, म्हणून तेही सांगते. जुलै २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेमला "कदाचित कर्ककारक" अशा २-ब गटात टाकलं गेलं. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा पूर्वीचीच ठेवली, शरीराच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅन लागतील. तुमचे एक-दोन त्यात कुठेच बसत नाहीत.

संध्याकाळच्या कॅनबद्दल मात्र मी आग्रही आहे. एका कॅनमध्ये साधारण ३५ ते ४५ मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि ते निम्मं व्हायला पाचएक तास लागतात. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, आणि भूक खवळल्याचा दोष मग गोड चवीवर जातो. सहानंतरचा कॅन आधी बंद करा.

अन्नतंत्र

लेबल कसं वाचायचं ते सांगतो, कारण फसगत तिथेच होते.

घटकांच्या यादीत आयएनएस (अन्नात घातलेल्या पदार्थांना दिलेला ठरावीक क्रमांक) ९५१ दिसला तर अ‍ॅस्पार्टेम, ९५० म्हणजे एसेसल्फेम पोटॅशियम, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हियाचा अर्क. डाएट कोल्यात बहुतेक ९५० आणि ९५१ जोडीने असतात, कारण एकाचा कडवट शेवट दुसऱ्याने झाकला जातो. ३३८ म्हणजे फॉस्फोरिक आम्ल. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी ९५१ टाळायचाच, तशी सूचना डब्यावर छापलेली असते. मुलांसाठी शिफारस नाही हेही छापलेलं असतं. ते वाचा आणि पाळा.

"शुगर फ्री" लिहायला आपल्याकडे १०० मिलीत जास्तीत जास्त ०.५ ग्रॅम साखर चालते. "कमी साखर" म्हटलं की २.५ ग्रॅमपर्यंत. पण "साखर घातलेली नाही" लिहिलेल्या फळांच्या रसात फळाची स्वतःची साखर असतेच, २५० मिली संत्र्याच्या रसात २० ग्रॅमच्या पुढे. डब्याच्या दर्शनी भागावर विश्वास न ठेवता मागच्या तक्त्यातला "एकूण साखर" हा आकडा बघा, आणि तो १०० मिलीचा आहे की अख्ख्या बाटलीचा तेही.

आणखी एक: अ‍ॅस्पार्टेम उष्णतेने आणि काळाने तुटतं. एप्रिल-मेमध्ये दुकानाबाहेर उन्हात रचलेले क्रेट असतील तर त्यातला डाएट कोला सपक लागतो. धोका काही नाही, गोडी गेलेली असते. म्हणूनच त्याची मुदत साध्या कोल्यापेक्षा कमी असते. चहात घालायची अ‍ॅस्पार्टेमची गोळीही उकळताना टाकू नका, कपात ओतल्यावर टाका. खिरीत किंवा शिऱ्यात घालायचं तर सुक्रालोज टिकतं.

शुभ्रा

दातांचं कुणी बोललं नाही. साखर नाही म्हणजे कीड कमी, पण आम्ल तेवढंच राहतं. डाएट कोल्याचा सामू साधारण ३ च्या आसपास असतो आणि ५.५ च्या खाली दातांवरचं इनॅमल विरघळू लागतं. एक कॅन दोन तास टेबलावर ठेवून घोट-घोट घेणं सगळ्यात वाईट, कारण लाळेला आम्ल धुऊन काढायला उसंतच मिळत नाही. घ्यायचाच तर दहा-पंधरा मिनिटांत संपवा, स्ट्रॉ वापरा, नंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. लगेच ब्रश करू नका, अर्धा तास तरी जाऊ द्या. मऊ पडलेलं इनॅमल ब्रशने खरवडलं जातं. घशाशी आंबट येणाऱ्यांनी उपाशीपोटी फेसाळ पेय टाळलेलंच बरं.

मोगरा

सगळ्यांचे मनापासून आभार. फरसाण आणि शिगेच्या चमच्यांची नोंद खरंच होत नव्हती. दोन उपप्रश्न. दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत पाळणाऱ्यांना मधल्या वेळेत डाएट कोला चालतो का? आणि घरात सासूबाईंना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. फ्रिजमध्ये आता फक्त डाएटच असतो, तो त्यांनी घेतला तर चालेल ना?

निशिगंध

दोन वेळच्या जेवणात: कॅलरीच्या हिशेबाने उपास मोडत नाही. पण त्या पद्धतीचा फायदा मधल्या वेळेत तोंड न चालवण्यात आहे, आणि गोड चव ती सवय जागी ठेवते. पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा जास्त बरा.

सासूबाईंबद्दल: कधीमधी एक ग्लास चालेल. पण एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. त्या ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील आणि घाम, थरथर, गोंधळ सुरू झाला, साखर ७० च्या खाली गेली, तर *डाएट कोल्याचा काडीचाही उपयोग नाही*. त्या वेळी खरी साखर लागते: तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा १५० मिली साधा कोला. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना गाठा. घाईत कॅन ओळखण्यात चूक होऊ शकते, म्हणून साखरेची छोटी डबी ठरलेल्या जागी ठेवा.

अन्नतंत्र

चार वाजता काय प्यावं याचं उत्तर राहिलंच. तुम्हाला हवा तो चरचरीतपणा आमसूल-सोड्यात मिळेल. ४-५ आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, बोटांनी चुरा, गाळा. भाजलेल्या जिऱ्याची चिमूटभर पूड *याच* अर्कात मिसळून घ्या. मग पेला तिरका धरून कडेने २०० मिली गार सोडा हळू सोडा. जिरेपूड वरून भुरभुरली तर फेस उसळून अर्धा सोडा ओट्यावर जातो. आमसुलांना बहुधा मीठ लावलेलं असतंच, म्हणून चव बघितल्याशिवाय मीठ घालू नका. सोडा फ्रिजमधूनच काढा, कोमट सोड्यात वायू टिकत नाही. मोठी बाटली उघडली की दुसऱ्या दिवशी बेचव होते, ३०० मिलीच्या छोट्या बाटल्या आणा. रक्तदाब असेल तर लेबलवर आयएनएस ५०० बघा, तो खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम.

बाटलीतलं तयार कोकम सरबत वेगळं, त्याच्या पाकात निम्म्याहून जास्त साखर असते. गाडीवरच्या लिंबू सरबतातही तीन-चार चमचे सहज जातात. उसाच्या रसाच्या २५० मिलीच्या ग्लासात ३० ग्रॅमच्या वर साखर, म्हणजे जो कोला सोडलात तोच जवळजवळ परत आला. ताक मात्र उत्तम: दोन टेबलस्पून गाईचं दही, २०० मिली पाणी, आल्याचा कीस, कोथिंबीर. २० कॅलरींच्या आतबाहेर.

कट्टेकर

शनिवार-रविवारसाठी एक भर. रममध्ये डाएट कोला घातला म्हणून पेग हलका होत नाही. ६० मिली रममध्ये १४० च्या आसपास कॅलरी तशाच राहतात, दोन लार्ज म्हणजे २८०, वर ५० ग्रॅम शेंगदाण्यांचा चखणा जवळपास तेवढाच. शिवाय साखर नसलेलं मिश्रण जठरातून लवकर पुढे सरकतं, त्यामुळे रक्तातली दारूची पातळी साध्या कोल्यापेक्षा जास्त चढते. प्रयोगांत हे मोजलेलं आहे. तेवढेच पेग घेतले म्हणून गाडी चालवता येईल असं धरू नका.

आहारवही

मोगरा, सोडायचं ठरलं तर एकदम तोडू नका. पहिला आठवडा फक्त संध्याकाळचा बंद. दुसऱ्या आठवड्यात दुपारी अर्धा कॅन पेल्यात ओतून घ्या, उरलेला दुसऱ्या कुणाला द्या. तिसऱ्यात एक दिवसाआड आमसूल-सोडा. डोकं दुखलं तर ते कॅफीन तुटल्याचं आहे, काही दिवसांत जातं. सकाळचा चहा चालू असेल तर बहुतेक दुखणारही नाही. चहाची साखर मात्र याच तीन आठवड्यांत कमी करायला घेऊ नका, ती चौथ्यापासून, दर आठवड्याला अर्धा सपाट चमचा. आणि त्या चार आठवड्यांच्या बंदीची मोजणी हे सगळं उरकून साखर स्थिरावली की मगच सुरू करा, नाहीतर काटा हलला तरी कशामुळे हलला ते कळणार नाही.