मदत हवी आहे: निवडणूक खर्चाचा ठराव लिहायचाय. कायदा बदलून भागेल की घटनादुरुस्तीच लागेल?

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यातलं आमचं लहानसं गाव. वाचनालयाच्या कट्ट्यावर वाद पेटला आणि ठरलं, की निवडणुकीतल्या पैशाला वेसण घाला असा ठराव करून खासदारांना पाठवायचा. मसुदा माझ्या गळ्यात पडला. मी बी.कॉम., कायद्यात चुकत असेन तर बिनधास्त झापा.

आतापर्यंत कळलं ते असं. आपल्याकडे उमेदवाराला खर्चाची मर्यादा विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. पण लोकप्रतिनिधित्व कायद्याचं (१९५१) कलम ७७ हिशोब धरतं ते अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतच. माझी गाडी इथेच अडलीय. २०२४ ला गणपती ७ सप्टेंबरला आले, विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला. चाकरमान्यांना मुंबईहून फुकट बस, भजनी मंडळाला पखवाज, पोरांच्या क्रिकेटला चषक नि टीशर्ट, हे सगळं आधीच उरकलेलं. कट्ट्यावरचे अण्णा म्हणाले, "गणपतीच्या बशीचो हिशोब कोण धरतलो रे?" उमेदवाराने मतदाराला भाड्याच्या गाडीतून फुकट केंद्रावर नेलं तर कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण, आणि दोन महिने आधी मुंबईपासून दारापर्यंत आणलं तर बाप्पाची सेवा! (खोटं कशाला बोलू, त्या बसने मीही आलोय.)

दुसरं भोक पक्षाचं. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरा. त्याच वर्षी सरकारने कायदा बदलून निकालातली हवा काढली. म्हणून अण्णांचा हट्ट, घटनेतच लिहा, म्हणजे मोडायला दोन-तृतीयांश मतं लागतील.

त्यांचा भाचा अमेरिकेत असतो, तो घटनादुरुस्तीचंच तुणतुणं वाजवतो. तिथलं ठीक आहे. २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने कंपन्यांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावरची बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने उडवली. आता कोर्टाने मत बदललं नाही तर घटनादुरुस्ती, आणि तिला ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी. आपल्याकडे उलट, घटनेच्या कलम १९ मधल्या मतदाराच्या माहितीच्या हक्कावरच १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टात निवडणूक रोखे (पक्षांना नाव न सांगता देणगी द्यायची सोय) रद्द झाले. मग आपल्याला घटनेला हात लावायची गरज आहे का? घटनेच्याच कलम ३२७ खाली संसद साधा कायदा करू शकते ना?

आणि हिशोबाची मुदत मागे न्यायची म्हटली तर कुठपर्यंत? अर्ज भरेपर्यंत तो उमेदवारच नसतो, मग बसचं भाडं टाकायचं कोणाच्या नावावर?

प्रतिसाद १: ३२७ पुरेसं आहे. घटनादुरुस्ती मागाल तर 'फार अवघड' म्हणून कागद बाजूला पडेल. पक्षाला मर्यादा मागा. मुदतीचं म्हणाल तर अर्जाआधीचे अमुक महिने म्हणा, आणि अर्ज भरताना त्या काळातला खर्च जाहीर करायला लावा. मंडळाच्या नावाने बस सोडली तर काय, ते मात्र मलाही सुटत नाही. बाकी, 'फुकट बस नको' हे ठरावात लिहिणार आहात का?

धागाकर्ता: मुदतीचं पटलं, घेतो. बसच्या ओळीपाशी पेन अडलंय. ठराव रविवारी वाचायचाय, आणि समोर बसणाऱ्यातले निम्मे त्याच बसचे.