वडलांच्या बीपीच्या पेन्शनबद्दल

दादा, तुमचे वडील फौजेतले, बीपीसाठी त्यांची अपंगत्व पेन्शन मागायचीय, पण त्यांच्या पेपरवर फौजेच्या मेडिकल बोर्डानं 'नोकरीमुळे नाही, नोकरीनं वाढलंही नाही' असा शेरा मारलाय म्हणून केस संपली असं अजिबात समजू नका. सगळे म्हणतायत पुरावा कुठनं आणायचा, पण पुराव्याचं ओझं मुळात जवानावर नाहीच. २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग निकाल बघा, हा जवान १९८५ ला भरती झालेला, पुढं फिट्स येतात म्हणून ९४ ला घरी पाठवला आणि अपंगत्व पेन्शन नाकारली. कोर्ट म्हणालं की भरतीच्या मेडिकलला आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच लागला असं धरायचं, आणि तसं नाही म्हणायचं असेल तर बोर्डानं कारण लिहून द्यायला पाहिजे. म्हणून आधी रिलीज मेडिकल बोर्डाची, म्हणजे रिटायर होतानाच्या तपासणीची कॉपी, एएफएमएसएफ-१६ नावाचा फॉर्म, जवानांची कागदपत्रं ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडनं मागवा, देत नसतील तर आरटीआय टाका. शेऱ्यापुढचा कारणाचा रकाना नीट वाचा, तिथं बऱ्याचदा एकच ओळ असते, 'कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर', म्हणजे प्रकृतीतलाच आजार, ते काय कारण झालं होय? अपंगत्वाची टक्केवारी पण बघा, २० च्या खाली असेल तर अडचण येते. सियाचीन, फील्ड पोस्टिंगच्या तारखा आणि मेडिकल कॅटेगरी (तब्येतीचा दर्जा) कधी खाली आली ते शेजारी शेजारी मांडा.

सैनिक टाकळीसारखी गावं आपल्या जिल्ह्यात, घरटी फौजी, आणि ही माणसं एका शेऱ्यावर गप्प बसतात, लई वाईट वाटतं. कोल्हापुरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अपिलाचा मसुदा घेऊन जावा, तिथनं नाही झालं तर मुंबईला आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजींच्या केसेसचं न्यायाधिकरण आहे. फक्त २१ सप्टेंबर २०२३ नंतर रिटायर झालेल्यांना अपंगत्व पेन्शनचे नवे नियम लागतात, वडील त्याआधीचे असले तर धरमवीर सिंग निकाल अर्जात लिहाच.