चाल्कोनचं टेस्टिंग : 14 पैकी 11 इनहिबिटर, विश्वास ठेवू का?

फ्लास्कवाला : नमस्कार मंडळी, एमएस्सी प्रोजेक्टला 14 चाल्कोन (दोन बेंझिन रिंगांमध्ये कीटोन आणि डबल बाँड असलेली कंपाउंड) बनवलेत, एनएमआर (रचना तपासायची चाचणी) स्वच्छ आहेत. सरांनी ते अ‍ॅसिटाइलकोलिनएस्टरेजवर लावायला सांगितले, म्हणजे हे एन्झाइम कोण थांबवतं (इनहिबिटर) ते बघायचं. एलमनची पद्धत, डीटीएनबी हे रंग देणारं रसायन घालून पिवळा रंग 412 नॅनोमीटरला मोजायचा. तर 14 पैकी 11 चालले, म्हणजे रंग कमी आला! आधी आनंद झाला पण आता धाकधूक होतेय, एवढे सगळे कसे चालतील? आम्ही सिंथेसिसवाले, एन्झाइममधलं फारसं कळत नाही.

बफरताई : शंका आली हे फार चांगलं झालं रे. एन्झाइम सब्स्ट्रेट तोडतं, त्यातून थायोकोलिन सुटतं आणि ते डीटीएनबीला भेटलं की पिवळं होतं. आता तुझा चाल्कोन म्हणजे मायकल अ‍ॅक्सेप्टर, म्हणजे थायॉल (थायोकोलिनसारखा -SH गटवाला रेणू) दिसलं की डबल बाँडवर त्याला धरणारच, मग रंग कमी येतो आणि आपल्याला वाटतं एन्झाइम बंद पडलं. एन्झाइम न घालता मर्कॅप्टोइथेनॉल (साधं थायॉल) आणि चाल्कोन पंधरा मिनिटं एकत्र ठेव, मग डीटीएनबी घाल आणि बघ, रंग कमी आला तर चाल्कोनच थायॉल धरतोय. चाल्कोन स्वतः पण पिवळे असतात, तेव्हा प्रत्येकाचा ब्लँक (वजा करायचं त्याच्या स्वतःच्या रंगाचं रीडिंग) वेगळा. आणि 0.01 टक्के ट्रायटन एक्स-100 (डिटर्जंट) घालून परत कर, कारण पाण्यात नीट न विरघळणाऱ्या कंपाउंडचे बारीक गोळे होतात आणि एन्झाइम त्यांनाच चिकटून बसतं. ट्रायटनने इनहिबिशन गेलं तर ते खोटं होतं समज.

जुना केमिस्ट : ताईंचं शंभर टक्के बरोबर. पण "आम्ही सिंथेसिसवाले" हे डोक्यातून काढ. 2002 मध्ये शार्पलेस, फिन वगैरे केमिस्टांनी याच एन्झाइमचा फ्लास्क केला होता! टॅक्रिन हा इनहिबिटर एन्झाइमच्या खाचेच्या तळाशी बसतो, फेनान्थ्रिडिनियम हा दुसरा तोंडाशी, एकाला अझाइड लावला, दुसऱ्याला अल्काइन, हे दोन जोडायला एरवी वापरतात ते तांबं अजिबात नाही. ते जुळून 98 ट्रायाझोल होऊ शकत होते, एन्झाइमच्या पोटात एकच तयार झाला आणि तो फेम्टोमोलरला, म्हणजे अगदी कणभर असला तरी एन्झाइमला पकडणारा निघाला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं.

फ्लास्कवाला : ताई, आज कंट्रोल लावला. 11 पैकी 9 क्युव्हेटमध्ये पिवळा रंग निम्म्यावर पण नाही आला 😞 दोन टिकलेत, त्यांना उद्या ट्रायटन. आणि एक सुचलं, त्या दोघांचा डबल बाँड पॅलेडियम-कार्बनवर हायड्रोजनेट करून डायहायड्रोचाल्कोन केले तर? थायॉल धरायला जागाच उरणार नाही.

बफरताई : कर, कर! दोन्ही एकाच दिवशी, एकाच एन्झाइमच्या बॅचवर लाव, आणि आकडे इथे टाक.