मदत हवी आहे: पेलेट स्टोव्हच्या कागदपत्रांत नेमकं काय तपासायचं?

युरोपियन युनियनमध्ये राहतो. खोलीसाठी ८ किलोवॉटचा नवा पेलेट स्टोव्ह (लाकडी भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर चालणारी शेगडी) घ्यायचाय, पाण्याची जोडणी नसलेला. २०२२ पासून इकोडिझाइन नियम लागू आहे: १३ टक्के ऑक्सिजनवर धूलिकण २० आणि कार्बन मोनॉक्साइड ३०० मिलिग्रॅम प्रति घनमीटरच्या आत, हंगामी कार्यक्षमता (वीजवापर, नियंत्रण वगैरे धरून काढलेली) किमान ७९ टक्के.

विक्रेत्याने स्टोव्हचं प्रमाणपत्र म्हणून ईएनप्लस ए१ चा शिक्का दाखवला. तो तर पेलेटच्या दर्जाचा असतो. राख, ओलावा वगैरे. स्टोव्हशी त्याचा संबंध नाही, हे मी त्यांना सांगितलंही. स्टोव्हच्या मागच्या पत्र्यावर सीई खूण (युरोपियन नियम पाळल्याची), ईएन १४७८५ (पेलेट स्टोव्हचं मानक) आणि चाचणी प्रयोगशाळेचा चार आकडी क्रमांक आहे, पण धूलिकणांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ! कामगिरीचं घोषणापत्र (उत्पादक आपले आकडे जाहीर करतो तो कागद) मागवलं. त्यात कार्यक्षमता ९१ टक्के, तीही पूर्ण भारावरची. हंगामी आकडा कुठेच नाही. चाचणी अहवालाबद्दल दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही. घरात लहान बाळ आहे, त्यामुळे धुराच्या बाबतीत तडजोड नको.

असा स्टोव्ह कुणी घेतला असेल किंवा बसवत असेल तर सांगा: धूलिकण आणि हंगामी कार्यक्षमतेचे आकडे उत्पादकाच्या कोणत्या कागदात हमखास मिळतात? आणि पत्र्यावरचा क्रमांक देऊन थेट प्रयोगशाळेकडून अहवालाची खात्री करून घेता येते का?