शब्दचर्चा : वितरण, आढळ की व्याप्ती?

टिपणवही :
हवामानबदलामुळे सजीवांच्या राहण्याच्या जागा कशा बदलताहेत, यावर एक दीर्घलेख लिहिते आहे आणि पहिल्याच परिच्छेदात अडकले आहे. ‘स्पीशीज डिस्ट्रिब्यूशन’ला काय म्हणावं? ‘प्रजातींचे वितरण’ सगळीकडे दिसतं, पण वितरण म्हटलं की कुणीतरी वाटप करतंय असं वाटतं. बक्षीस वितरण, वीज वितरण. पक्ष्यांवरच्या मराठी पुस्तकांत ‘आढळ’ वाचल्याचं आठवतं. कुठे ‘प्रसार’, कुठे ‘व्याप्ती’. हे सगळे एकाच अर्थाचे शब्द आहेत का? असतील तर सोपा कुठला? नसतील तर फरक काय?

कोशकीटक :
वितरणाआधी ‘प्रजाती’कडे बघा. शालेय पुस्तकांत आणि जुन्या परिभाषेत ‘जाती’ म्हणजे स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे तिच्या वरची पायरी, जीनस. हिंदीत मात्र ‘प्रजाति’ म्हणजेच स्पीशीज. बातम्यांतून तो अर्थ मराठीत इतका मुरलाय, की आता ‘जाती’ लिहिलं तर वाचक भलत्याच विषयावर जातो. मी स्वतः ‘जाती’ लिहितो. तुम्ही ‘प्रजाती’ लिहिणार असाल तर जीनसला ‘वंश’ म्हणा आणि लेखभर तेच पाळा. एका परिच्छेदात हे आणि दुसऱ्यात ते, असं नको.

नकाशावेडा :
टिपणवही, हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत, आणि तुमच्या विषयात तर ते वेगळे ठेवल्याशिवाय चालणारच नाही. सजीवांच्या नकाशावर तीन निरनिराळ्या गोष्टी रंगवलेल्या असू शकतात.

पहिली : तो प्राणी किंवा ती वनस्पती कुणीतरी, कधीतरी, एका ठिकाणी पाहिली. नकाशावर हा एक ठिपका असतो. ही ‘नोंद’. असे ठिपके जमले की जे दिसतं त्याला मी ‘आढळ’ म्हणतो, कारण आढळायला शोधणारा लागतो. शब्दातच तो दडलेला आहे.

दुसरी : ती जाती प्रत्यक्षात जिथे जिथे राहते तो सगळा प्रदेश, मग तिथे कुणी गेलेलं असो वा नसो. ही ‘व्याप्ती’.

तिसरी : तापमान, पाऊस, उंची, माती बघता ती जिथे राहू शकेल असा प्रदेश. याला ‘अनुकूल क्षेत्र’ म्हणावं. संगणकी प्रारूपं (मॉडेल्स) बहुतेक वेळा हेच काढून देतात, आणि बातमीत मात्र ते व्याप्ती म्हणून छापून येतं.

आढळ हा व्याप्तीचा तुकडा असतो. अनुकूल क्षेत्र व्याप्तीपेक्षा मोठं असू शकतं, कारण मध्ये समुद्र आडवा येतो, प्रतिस्पर्धी असतो, किंवा तिथवर पोचायला वेळच मिळालेला नसतो. परिसंस्थांचे अभ्यासक जी. एव्हलिन हचिन्सन यांनी १९५७ मध्ये ‘मूलभूत’ आणि ‘प्रत्यक्षातली’ जीवनकक्षा (जीव जिथे तग धरू शकेल ती आणि जिथे तो खरोखर राहतो ती) असा जो भेद केला तो याच जातकुळीचा. ‘वितरण’ या एका शब्दात हे तिन्ही अर्थ कोंबले जातात, म्हणून तो मला नको वाटतो. वाटपाचा वास येतो ही तक्रार दुय्यम.

उंटावरचा शहाणा :
इतकी बारीक कातरी कशाला? वाचकाला ‘कुठे सापडतो’ एवढंच हवं असतं. ‘वितरण’ रुळलाय, राहू द्या.

नकाशावेडा :
शहाणे, ‘कुठे सापडतो’ यात ‘कुणी शोधलं’ हेही येतं, तिथेच सगळी ग्यानबाची मेख आहे. जगभरच्या जैवविविधतेच्या नोंदी एकत्र ठेवणारा ‘जीबिफ’ नावाचा खुला साठा २००१ मध्ये सुरू झाला. सचिवालय कोपनहेगनला. आज त्यात दोनशे कोटींच्या वर नोंदी आहेत, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या पक्ष्यांच्या! किडे, बुरशी, मातीतले जीव जातींच्या संख्येने कितीतरी अधिक, पण त्यांच्या वाट्याला ठिपके थोडे. पक्षी का? कारण त्यांना बघायला माणसं हौसेने जातात, आणि पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी ऑनलाइन घेणाऱ्या ‘ईबर्ड’सारख्या व्यवस्थेमुळे २००२ पासून ती हौस थेट नोंदींत जमा होते. शिवाय माणसं जातात ती रस्त्यांनी, सुट्टीच्या दिवशी, सोयीच्या जागी. कच्च्या ठिपक्यांचा नकाशा पुष्कळदा त्या जीवापेक्षा रस्त्यांचाच नकाशा असतो.

पाणलोट :
जुन्या नोंदींची तऱ्हा आणखी वेगळी. निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५२ मध्येच ॲमेझॉनच्या माकडांवर लिहिताना तक्रार केली होती, की संग्रहालयातल्या नमुन्यांवर ठिकाण म्हणून नुसतं ‘ब्राझील’, ‘पेरू’ किंवा ‘दक्षिण अमेरिका’ लिहिलेलं असतं. त्यांना तर दिसत होतं, की नदीच्या एका काठावरचं माकड पलीकडच्या काठावर मिळत नाही. ‘ब्राझील’ एवढ्यावरून काठ कसा कळणार? एखादी जाती नेमकी कुठे राहते याच्या आपल्या अज्ञानाला आज त्यांच्याच नावाने ओळखतात. मराठीत ‘वॉलेसीय तूट’ म्हणता येईल. ज्या जातींना अजून नावच मिळालेलं नाही त्यांच्याबद्दलच्या अज्ञानाला सजीवांच्या नामकरणाची पद्धत घालणाऱ्या लिनियसचं नाव आहे.

आणि हल्लीच्या चुका हल्लीच्या पद्धतीच्या. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली की जंगली प्राणी समुद्रात. दोन्ही रकाने रिकामे राहिले आणि संगणकाने त्यांना शून्य मानलं की नोंद आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात. नमुना ज्या संग्रहालयात ठेवलाय त्या इमारतीचेच अक्षांश-रेखांश जागा म्हणून टाकलेले असले, की शहराच्या मध्यावर दुर्मीळ ऑर्किड. हे ठिपके गाळल्याशिवाय प्रारूपाला दिले तर ते बिचारं ऑर्किडला शहरी हवा मानवते असं शिकून बसतं.

टिपणवही :
आढळ, व्याप्ती, अनुकूल क्षेत्र. हे घेतलं. आता पुढचं. लेखात वारंवार येणारं वाक्य : ‘तापमानवाढीमुळे प्रजाती ध्रुवांकडे आणि डोंगरावर स्थलांतर करत आहेत.’ स्थलांतर बरोबर आहे ना?

कोशकीटक :
नाही! स्थलांतर म्हणजे तोच जीव इथून तिथे जातो, आणि ऋतू फिरला की बहुधा परततो. तुमच्या वाक्यात तसं काही घडत नाही. झाडाला पाय नाहीत, आणि जमिनीवरची गोगलगाय शंभर किलोमीटर चालत जाणार नाही.

नकाशावेडा :
कोशकीटक म्हणतात ते खरं, पण ‘मग नेमकं घडतं काय’ हे लेखात यायला हवं. व्याप्तीच्या थंडीकडच्या कडेला पूर्वी बिया रुजत नव्हत्या, पिल्लं हिवाळा काढत नव्हती. आता काही जगतात. उष्णतेकडच्या कडेला म्हातारे जीव असतात पण नवी पिढी येत नाही, आणि एकेक वस्ती विझत जाते. एकही जीव हलला नाही तरी व्याप्ती हलते. म्हणून ‘व्याप्ती सरकणे’. दोन कडांना ‘आघाडीची कड’ आणि ‘पिछाडीची कड’ म्हणा. आपल्याकडे हे शब्द तयारच आहेत. दोन्ही कडा एका गतीने हलतीलच असं नाही. पिछाडी तुटत गेली आणि आघाडी जागची हलली नाही, तर ते सरकणं नव्हे, आक्रसणं. बातमीत दोन्हीला ‘स्थलांतर’ म्हटलं की वाचकाला वाटतं, चला, निघून गेले, सुटले.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या ब्रॅम्बल के या चिमुकल्या, जेमतेम समुद्रसपाटीच्या वर असलेल्या बेटावर मेलोमिस नावाचा उंदीर होता. समुद्राचं पाणी वारंवार आत येत राहिलं, वनस्पती गेल्या, उंदीरही गेला. ऑस्ट्रेलियाने २०१९ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. मानवनिर्मित हवामानबदलाने नष्ट झालेला पहिला सस्तन प्राणी म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. त्याला सरकायला जागाच नव्हती. डोंगरमाथ्यावरच्या जातींचंही तेच. वर आणखी डोंगर नसतो.

आकडे हवे असतील तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा आढावा आहे. अनेक अभ्यास एकत्र करून त्यात निघालं, की व्याप्ती दर दशकाला ध्रुवांकडे मध्यकाने सुमारे १६.९ किलोमीटर आणि डोंगरावर सुमारे ११ मीटर सरकते आहे. हा मध्यक आहे, म्हणजे मधोमधचा आकडा, हे मात्र ठळक लिहा. काही जाती याच्या कितीतरी पुढे गेल्या आहेत, काही हललेल्याच नाहीत, आणि काही उलट्या दिशेला गेल्या आहेत, कारण त्या पावसाच्या मागे असतात, तापमानाच्या नव्हे.

उंटावरचा शहाणा :
पण ती सरकली हे कळतं कशावरून? जुन्या काळी कुणी नीट पाहिलं होतं?

पाणलोट :
क्वचित पाहिलं होतं, आणि तेच सोनं ठरलं. प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल आणि सहकाऱ्यांनी १९१४ ते १९२० या काळात कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या पट्ट्यात छोट्या सस्तन प्राण्यांची पाहणी केली. काय सापडलं हे तर लिहिलंच, शिवाय सापळे कुठे आणि किती रात्री लावले हेही लिहून ठेवलं. शतकभराने त्याच जागांची फेरपाहणी झाली. २००८ मध्ये निष्कर्ष आला : तपासलेल्या २८ जातींपैकी निम्म्यांच्या उंचीच्या मर्यादा बदलल्या होत्या, सरासरी सुमारे ५०० मीटर वर. सापळ्यांचा हिशेब असल्यामुळे ‘नव्हता’ आणि ‘होता पण दिसला नाही’ यातला फरक संख्याशास्त्राने मोजता आला. नाहीतर रिकामी जागा म्हणजे नुसती रिकामी जागा.

याच्या उलटं उदाहरण जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हंबोल्टचं. १८०२ मध्ये ते एक्वादोरमधल्या चिंबोराझोवर चढले आणि पुढे कुठल्या उंचीवर कुठली वनस्पती याचं सुप्रसिद्ध चित्र प्रसिद्ध केलं. २०१२ मध्ये संशोधक त्याच डोंगरावर गेले, आणि वनस्पती ५०० मीटरहून अधिक वर सरकल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. मग २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने हंबोल्टची मूळ टिपणं आणि नमुने चाळले. चित्रातल्या उंचावरच्या वनस्पतींची माहिती बरीचशी अँतिसाना या दुसऱ्याच पर्वतावरून आलेली होती! चित्र अनेक जागांचं मिळून केलेलं. योग्य डोंगराशी तुलना केल्यावर सरक २१५ ते २६६ मीटर निघाली. वनस्पती वर गेल्या याबद्दल वाद नाही. किती वर, हे दोनशे वर्षांपूर्वीच्या ‘कुठे’वर अवलंबून होतं.

टिपणवही :
हे लेखात घालणारच. आणखी दोन शब्द. ‘स्यूडो-ॲब्सेन्स’ आणि ‘प्रोजेक्शन’. पहिल्याला ‘छद्म अनुपस्थिती’ दिसतं, ते मला लबाडीसारखं वाटतं.

कोशकीटक :
‘मानीव अनुपस्थिती’. कायद्याच्या मराठीत ‘मानीव अभिहस्तांतरण’ आहेच. झालेलं नाही, पण झालं असं धरून पुढे चालायचं. प्रारूपाला जीव कुठे नाही याचीही उदाहरणं लागतात, ती हाताशी नसतात, म्हणून काही ठिकाणं निवडून तिथे तो नाही असं मानायचं. लबाडी नाही, गृहीतक आहे.

‘प्रोजेक्शन’ला भाकीत म्हणू नका. ‘उत्सर्जन अमुक राहिलं तर २०७० मध्ये अनुकूल क्षेत्र इतकं उरेल’ हे सशर्त विधान आहे. ‘प्रक्षेपण’ म्हटलं तर दूरदर्शन आठवतं. मी ‘सशर्त अंदाज’ लिहितो. लांब आहे, पण शर्त दिसते.

नकाशावेडा :
सशर्त अंदाजाला अनुमोदन. एक जोड : धोक्यातल्या जातींच्या यादीसाठी आययूसीएन ही आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटना दोन वेगळी क्षेत्रफळं मोजते आणि मराठीत दोन्हीला ‘क्षेत्र’ म्हणून मोकळे होतात. सगळ्यात बाहेरचे ठिपके जोडून होणाऱ्या बहुभुजाचं क्षेत्र ते एक. मी त्याला ‘विस्तारक्षेत्र’ म्हणतो. नकाशावर २ किलोमीटर बाजूचे चौकोन आखून त्यातले जीव असलेले तेवढे मोजले की दुसरं, ‘वास्तव्यक्षेत्र’. इतर अटी पूर्ण होत असतील तर ‘संकटग्रस्त’ ठरायला पहिलं ५,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी लागतं, दुसरं ५०० पेक्षा. दूर दूरच्या दोन टेकड्यांवर उरलेल्या जातीचं विस्तारक्षेत्र भलं मोठं आणि वास्तव्यक्षेत्र चिमूटभर असू शकतं. लेखात आकडा देताना कुठलं क्षेत्र ते लिहाच.

उंटावरचा शहाणा :
बरं, ‘वितरण’ सोडला. पण शीर्षकात ‘व्याप्ती’ एकटाच टाकलात तर लोकांना अभ्यासक्रमाची व्याप्ती वाटेल.

टिपणवही :
शीर्षकात ‘सजीवांची व्याप्ती’ करते. आत पहिल्यांदा येईल तिथे ‘जिथे ती जाती प्रत्यक्षात राहते तो सगळा प्रदेश’ असं एकदा उलगडून. ‘डेटा’ मात्र डेटाच ठेवणार आहे, ‘विदा’ या मराठी प्रतिशब्दावरून कुणी भांडू नका.

कोशकीटक :
‘डेटा’ चालेल. पण मोजून किंवा पाहून लिहिलेल्या एकेका गोष्टीला ‘नोंद’ म्हणा आणि प्रारूपातून बाहेर आलेल्याला कधीच म्हणू नका.